१४ महिन्यांत २० मिलिग्रॅमवरून शून्यावर: सारकॉइडोसिस आणि माझी स्टेरॉइडची गोळी

२०२३च्या दिवाळीत खोकला सुरू झाला. कोरडा, रात्रीचा. फराळाच्या तळणामुळे असेल म्हणून दुर्लक्ष केलं. डिसेंबरात शाळेचा जिना चढताना दम लागायला लागला. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच टेबलाला टेकून उभी राहायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय तेव्हा ४१, राहायला अमळनेरला.

फेब्रुवारीच्या २ ते ४ तारखांना आमच्या गावात ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. गावात पुन्हा कधी होणार असं काही? तिन्ही दिवस जायचं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी ग्रंथदालनाच्या चार गल्ल्या फिरले आणि एका स्टॉलवाल्याची खुर्ची मागून घेऊन बसले. त्या भल्या माणसाने पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, आधी छातीचा फोटो काढा, पुस्तकं नंतर घ्या."

फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी. थुंकीची तपासणी निगेटिव्ह. हातावर मॅन्टू, म्हणजे टीबीसाठी कातडीत सुई टोचून करतात ती चाचणी, केली, तीन दिवसांनी जागा सपाट, काहीच उठलं नाही. तरी गाठी, खोकला आणि दोन महिन्यांत ४ किलो वजन कमी, एवढ्यावर टीबी धरून औषधं सुरू झाली. आपल्याकडे छातीत गाठी दिसल्या की आधी टीबीच आठवतो आणि बहुतेक वेळा तो असतोही, म्हणून मी त्या डॉक्टरांना फार दोष देत नाही. पण मॅन्टू अगदी सपाट येणं हासुद्धा एक इशारा असू शकतो, कारण सारकॉइडोसिस नावाच्या, टीबीसारख्याच गाठी करणाऱ्या दुसऱ्या आजारात ती बऱ्याचदा अशीच येते. हे मला चार महिन्यांनी कळलं.

टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नाव चढलं, आयडी मिळाला. आशाताई घरी येऊन वजन लिहून गेल्या. पोषण आहाराचे पैसे खात्यात जमा झाले. रोज सकाळी उपाशीपोटी ४ गोळ्या, लघवी नारिंगी, दिवसभर मळमळ. घरात माझा कप आणि ताट वेगळं झालं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच केलं.

दोन महिने झाले तरी खोकला जागचा हलेना. एप्रिलच्या शेवटी उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना आणि समोरचं धुरकट दिसायला लागलं. टीबीच्या गोळ्यांतल्या एथॅम्ब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो हे माहीत होतं, म्हणून घाबरून धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "ही त्या गोळीची करामत नाही. एथॅम्ब्युटॉलने डोळा लाल होत नाही. तुमच्या डोळ्याच्या आत सूज आहे." मग छातीचा फोटो मागितला. फोटो खिडकीकडे धरून त्यांनी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह. एसटीत बसून मी तो तीनदा वाचला. सारकॉइडोसिस?

(डोळ्यात थेंब मात्र त्याच दिवसापासून सुरू झाले. स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे. त्यांचा वेळापत्रकाचा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता.)

मध्येच निवडणूक आली. जळगाव मतदारसंघाचं मतदान १३ मेला आणि माझ्या नावाचा निवडणूक ड्युटीचा आदेश हातात. अर्ज, सगळ्या तपासण्यांच्या झेरॉक्स आणि वैद्यकीय तपासणी एवढं झाल्यावर नाव कमी झालं. सल्ला एवढाच की मूळ कागद कुठेही देऊ नका, दोन झेरॉक्स संच तयार ठेवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढे वर्षभर मला हाच शिक्का उपयोगी पडला.

१० मेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी झोके बांधले होते, आंब्याचा रस होता, आणि मी काळा चष्मा लावून माजघरात. दोन दिवसांनी नाशिकच्या छातीच्या डॉक्टरांचा नंबर फोनवर लावला, तो मिळाला ३ जूनचा. अमळनेर ते धुळे, धुळे ते नाशिक, दोन्हीकडे एसटी. माझं अर्धं तिकीट, यांचं पूर्ण. प्रवासभर यांनी मला त्यावरून चिडवलं.

डॉक्टरांनी टीबीचा शब्दही न काढता आधी माझं ऐकून घेतलं. अंगावर कुठे गाठ, डाग, लालसर फोड? घोट्यांचे सांधे दुखतात का? छातीत धडधड, चक्कर? मग सांगितलं की हा आजार कशाने होतो ते आजही पक्कं कळलेलं नाही. शरीराच्याच संरक्षक पेशी एकत्र जमून बारीक गाठी करतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. फुप्फुस आणि लसिका ग्रंथींत जास्त, पण डोळा, त्वचा, हृदय, यकृत, कुठेही. एकापासून दुसऱ्याला लागत नाही. त्या वाक्यावर मला आधी माझा वेगळा ठेवलेला कप आठवला.

"पण आधी सिद्ध करू," ते म्हणाले. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो, आणि टीबी नसताना टीबीची औषधं दिली तर वेळ जातो. तेव्हा तुकडा काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, ४,५०० रुपये. फुंकायची तपासणी, म्हणजे पीएफटी, १,२००. ईसीजी आणि टूडी इको, कारण हृदयात हा आजार शिरला तर ठोके बिघडतात. रक्तातलं कॅल्शियम आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. या शेवटच्या तपासणीसाठी ५ लिटरचा कॅन घेऊन लॉजवर दिवस काढावा लागतो, त्यामुळे ती शक्यतो घरी करून घ्या, कॅन घेऊन हिंडायची वेळ येऊ देऊ नका. पीएफटीत माझी फुप्फुसं अपेक्षेच्या ६२ टक्के भरत होती.

१२ जूनला ईबस झाली. तोंडातून दुर्बीण श्वासनलिकेत घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, त्यावर गाठ पाहून सुईने तिच्यातला अंश काढतात. मी आदल्या रात्री झोपले नाही. प्रत्यक्षात घशात बधिर करणारा फवारा मारला तेव्हा नाकात केळ्यासारखा वास आला. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या बाईला नाशिकात केळ्याचा वास! हसू आलं, तोवर गुंगीचं इंजेक्शन लागलं. जाग आली तेव्हा काम संपलेलं, घसा फक्त खवखवत होता. एक दिवसाच्या ॲडमिशनसह ३२,००० रुपये.

पाच दिवसांनी अहवाल. ग्रॅन्युलोमा आहेत, पण टीबीत दिसतो तसा मध्यभागी कुजलेला भाग नाही. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी, निगेटिव्ह. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, अंतिम निकाल ४२ दिवसांनी लागतो, तोही पुढे निगेटिव्हच आला. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या.

निक्षयवरचं नाव मात्र आपोआप जात नाही. डॉक्टरांचं निदान बदलल्याचं पत्र आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडे गेले. तिथल्या पर्यवेक्षकांनी चहा पाजला, पत्र वाचलं, नोंद बंद केली. जमा झालेल्या पैशांचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, "बाई, तेव्हा तुम्ही पेशंट होत्या ना? मग झालं." असं निदान बदललं तर हे काम करून घ्याच, नाहीतर 'औषधं मध्येच सोडली' अशी नोंद राहते आणि घरी माणसं येत राहतात.

आता औषध. मला वाटलं होतं निदान झालं की लगेच गोळ्या. डॉक्टर म्हणाले, सारकॉइडोसिसच्या पुष्कळ रुग्णांना काहीच औषध लागत नाही. गाठी फोटोत दिसतात, माणूस ठणठणीत असतो, आणि काही काळाने गाठी आपणहून विरतात. औषध फोटोसाठी द्यायचं नसतं, त्रासासाठी द्यायचं असतं, नाहीतर डोळा, हृदय, मेंदू असा अवयव धोक्यात असेल तेव्हा. मला दम होता, फुप्फुसाचा जोर कमी झाला होता, डोळा सुजला होता. म्हणून देणार.

२४ जून २०२४, सोमवार. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, २० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एकदम. इंटरनेटवर सगळीकडे ४० वाचलं होतं म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं की चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात ४० आणि २० अशी तुलना झाली होती, आणि आजार पुन्हा उलटण्यात फरक पडला नाही. मग जास्त कशाला खायची? आमच्या सासऱ्यांची खतं टाकण्याबद्दलची पद्धतही हीच होती.

दहाव्या दिवशी मी रात्री खोकले नाही. यांनी उठून माझ्या नाकाखाली हात धरून पाहिला.

आणि भूक! तिच्याबद्दल कोणी पुरेसं सांगत नाही. पहाटे चारला उठून डब्यातली शिळी भाकरी तेल-तिखट लावून खायचे. ११ ऑगस्टला कानबाई, आमची खानदेशची देवी, घरी आली. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनीच संपवायचे असतात, एरवी चौथ्या दिवशी कोणी त्यांच्याकडे बघत नाही. त्या वर्षी ते संपवायला मी एकटी पुरले. वजन ५० वरून ५९. तोंड चंद्रासारखं गोल. सासूबाई गावाहून आल्या आणि दारातच थांबल्या, "काय व्हयनं वं माय तुले? तोंड कितलं सुजी गयं!" झोप तीन-चार तास. पोरांवर चिडचिड, इतकी की चौथीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, "बाई, आम्ही काही केलं का?" ते अजून लागतं. घरात आणि शाळेत आधीच सांगून ठेवा की गोळीमुळे राग येतो. मी सांगितलं नव्हतं.

साखरेचं एक लक्षात ठेवा. सकाळी उपाशीपोटी माझी साखर ९८, मी खूश. डॉक्टर म्हणाले, सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडची साखर दुपारनंतर चढते, जेवणानंतरची करा. ती निघाली २१४. मेटफॉर्मिन सुरू झालं, ते स्टेरॉइड उतरल्यावर बंदही झालं. ब्लडप्रेशर दर आठवड्याला, डोळ्याचा दाब दर दोन-तीन महिन्यांनी, कारण स्टेरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी जुलैत घेतल्या, न्यूमोनियाची साडेतीन हजारांच्या पुढे गेली. जिवंत जंतूंची लस मात्र या काळात घ्यायची नाही.

कॅल्शियमची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगल्या हेतूने चूक होते. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात म्हणून गावातल्या एका दवाखान्यात मला कॅल्शियमच्या गोळ्या आणि डी जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी लिहून मिळाली. इतर कोणालाही स्टेरॉइडबरोबर हेच देतात. मी दोन पुड्या घेतल्याही. नाशिकला दाखवलं तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर काट मारली. सारकॉइडोसिसच्या गाठी स्वतःच डी जीवनसत्त्वाचं तयार, जोरदार रूप बनवत बसतात, त्यामुळे रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असू शकतं. माझं १०.९ होतं आणि लघवीतलंही वाढलेलं. वरून पुड्या घेतल्या तर मुतखडा, मूत्रपिंडाला इजा. तेव्हा तपासल्याशिवाय कॅल्शियम नाही, डी नाही, आणि भर उन्हात बसणं नाही. खानदेशात ऊन टाळायचं म्हणजे काय ते आपल्यालाच माहीत. परिपाठ मैदानात असतो, मी सकाळी सातलाही छत्री घेऊन उभी राहायचे. हाडांसाठी डेक्सा स्कॅन करून ठेवला, तो ठीक निघाला.

स्टेरॉइड सप्टेंबरात १५, ऑक्टोबरात १०, नोव्हेंबरात साडेसात. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात आकडा लिहून त्याला गोल करायचे. गोळी तोडायला विळी नको, ४० रुपयांचं गोळी कापायचं डबीसारखं यंत्र मिळतं ते घ्या, तुकडे समान होतात. आणि हे औषध एका दिवसात कधीच सोडू नका. काही आठवडे बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, मग अचानक बंद केलं तर उलट्या, चक्कर, दाब एकदम खाली. पाकिटात चिठ्ठी ठेवली होती: 'मी प्रेडनिसोलोन घेते', खाली मात्रा आणि यांचा फोन नंबर.

साडेसातवर बारा दिवस झाले आणि खोकला परत आला. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, पुन्हा आदेश, पुन्हा अर्ज. या वेळी शिक्क्यासकट जुनी फाईल होती, काम एका फेरीत झालं. पण मन खचलं. पाच महिने तोंड सुजवून घेतलं आणि पुन्हा तिथेच? डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. मात्रा कमी करताना आजार उलटणं पुष्कळांचं होतं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पायऱ्या काढून दाखवल्या: स्टेरॉइड, त्यावर मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीचा जोर उतरवणारी गोळी), कोणाला त्याऐवजी ॲझाथायोप्रिन, त्वचेच्या त्रासाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि यांनीही नाही भागलं तर इन्फ्लिक्सिमॅबची सलाईन, जी फार महाग असते आणि तिच्याआधी टीबीची पुन्हा कसून तपासणी लागते. आपण दुसऱ्या पायरीवर, अजून वर जायची गरज नाही, असं म्हणून त्यांनी स्टेरॉइड तात्पुरतं १५ केलं.

मेथोट्रेक्सेटच्या आधी हिमोग्राम, यकृत, किडनी, कावीळ बी आणि सी. एक प्रश्न त्यांनी यांच्यासमोर सरळ विचारला: मूल हवं आहे का? या औषधावर गर्भ राहता कामा नये. आमची दोन मुलं, शस्त्रक्रिया झालेली, पण वयाने लहान असलेल्या बायकांनी, आणि पुरुषांनीही, हे आधी बोलून घ्यावं. दारू बंद. आणि कुठल्याही डॉक्टरकडे सर्दी-पडशाला गेलात तरी हे नाव सांगायचं, कारण लघवीच्या संसर्गाला देतात त्या सल्फाच्या गोळ्या याच्याबरोबर घातक ठरू शकतात.

३० नोव्हेंबर, शनिवार रात्री, पहिली १० मिलिग्रॅमची गोळी. छोटी, पिवळी. आठवड्यातून एकदाच. शनिवार अशासाठी की मळमळ झाली तर रविवार हाताशी. सोमवारी फॉलिक ॲसिड.

जानेवारीत मी प्रशिक्षणाला होते. हे मेडिकलमधून गोळ्या घेऊन आले. तपकिरी पुडीवर बॉलपेनने लिहिलं होतं: ०-०-१. म्हणजे रोज रात्री एक. सासूबाई माझ्या गोळ्या स्टीलच्या डबीत वारांप्रमाणे भरायच्या, त्यांनी पुडी बघून सातही वारांत एकेक टाकली. शनिवारी घेतली. रविवारी रात्री टीव्हीकडे बघत तळहातावरच्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि गिळताना लक्षात आलं की एक पिवळी होती. डबी उघडली. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच पिवळ्या गोळ्या.

सकाळी आठला डॉक्टरांना फोन. त्यांनी पुढच्या शनिवारची गोळी गाळायला लावली, त्याच दिवशी आणि आठवड्याने रक्त तपासलं. निभावलं. पण रोज घेत राहिले असते तर तोंडात फोड, पांढऱ्या पेशी खाली आणि जिवावर बेतलं असतं. यांनी ती पुडी मेडिकलमध्ये नेऊन दाखवली. काउंटरवरचा मुलगा पांढरा पडला. आता ही गोळी आमच्या घरी वेगळ्या डबीत असते, देवघराच्या वरच्या फळीवर, आणि मीच काढते.

पुढचं शांतपणे झालं. मेथोट्रेक्सेट हळू काम करतं, जोर दिसायला महिने लागतात. मार्चमध्ये मात्रा १५ मिलिग्रॅम आठवड्याला. आधी पंधरवड्याने, मग महिन्याने, आता तीन महिन्यांनी रक्त: हिमोग्राम आणि यकृत, दर वेळी ७०० रुपयांच्या आसपास, अमळनेरातच होतं आणि अहवाल व्हॉट्सॲपवर नाशिकला जातो. केस थोडे गळाले. रविवारी सकाळी चहा नकोसा वाटतो, आल्याचा तुकडा चघळते. स्टेरॉइड फेब्रुवारीत १०, एप्रिलमध्ये साडेसात, मेमध्ये ५. २०२५च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की नेदरलँड्समधल्या नव्या अभ्यासात फुप्फुसाच्या सारकॉइडोसिसला सुरुवातीपासूनच मेथोट्रेक्सेट दिलं तर ते स्टेरॉइडपेक्षा कमी पडत नाही असं दिसलं. त्रास दोन्हींचे आहेत, पण वेगवेगळे. मला रोटाचे दिवस आठवले आणि जरा हेवा वाटला.

जुलैत अडीच. मग सकाळी ८ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासलं, शरीराने स्वतःचं काम हाती घेतलंय का ते बघायला. घेतलं होतं. ३१ ऑगस्ट २०२५ला चौकोनात शून्य लिहिलं. पीएफटी ८१ टक्के. वजन ५४. मेथोट्रेक्सेट अजून सुरू आहे, तेही हळूहळूच उतरवायचं आहे.

पैशांचं म्हणाल तर गोळ्या स्वस्त आहेत: प्रेडनिसोलोन महिन्याला शंभरच्या आत, मेथोट्रेक्सेट दीडशेच्या आसपास. खर्च होतो तो तपासण्यांचा, एसटीचा आणि बुडालेल्या दिवसांचा. रजा परावर्तित (अर्धपगारी रजेऐवजी पूर्ण पगारी) मिळाली, रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागला.

वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव मी ईबसच्या ॲडमिशनपुरताच टाकला होता, कारण बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या खासगी औषधांचं काही मिळणार नव्हतं. तो दोनदा परत आला. पहिल्यांदा बिलाच्या मागे डॉक्टरांची सही नव्हती. दुसऱ्यांदा शेरा होता की शासनाच्या यादीतल्या २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांपैकी हा आजार नेमका कोणता, ते नमूद करावे. यादी मीही वाचली आहे. त्यात तो नाही. गेल्या सोमवारी डॉक्टरांचं नवं पत्र जोडून फाईल तिसऱ्यांदा दिली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला.